भिरभिरं : पॅचवर्कचा पहिला ब्लॉक (मशीनवर, हाताने शिवणाऱ्यांसाठी प्रतिसाद बघा)

टाकेदार

हस्तकलेच्या धाग्यावर दोघीतिघींनी विचारलं होतं की पॅचवर्कचं पांघरूण शिवायचंय, सुरुवात कुठून करू? तिथेच उत्तर लिहायला घेतलं तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

बहुतेक ठिकाणी पहिला ब्लॉक (तुकडे जोडून केलेला एक चौकोन, असे बरेच जोडले की पांघरूण होतं) म्हणून नाइन पॅच शिकवतात. तीन ओळी, प्रत्येकीत तीन चौकोन, संपलं. तो वाईट नाही, पण त्यात नुसत्या सरळ शिवणी आहेत, आणि सरळ शिवण उशीच्या अभ्र्यातही येते. माझं मत विचाराल तर पहिला ब्लॉक भिरभिऱ्याचा करा. चार चौकोन, प्रत्येक चौकोन तिरका अर्धा फिका आणि अर्धा गडद. चारही फिरवून मांडले की मधोमध आठ त्रिकोणांची टोकं एका बिंदूत येतात. तिरकं कापड सांभाळणं, शिवणी एकमेकींत बसवणं, मधली गाठ सपाट करणं, सगळं या एका ब्लॉकमध्ये शिकून होतं. पुढे चांदण्यांचे वगैरे जे ब्लॉक दिसतात त्यातले बरेचसे याच अर्ध्या-अर्ध्या चौकोनातून निघतात.

कापड. सुती आणि फक्त सुती. पॉपलीन, केंब्रिक उत्तम. ब्लाउजपीसची टू बाय टू रुबियाही चालते. टेरिकॉट, साटन नको, कारण ते इस्त्रीची घडी धरत नाही. आधी धुऊन घ्या. मांजरपाट पहिल्या धुण्यात चांगलाच आटतो, आणि लाल-मरून-निळ्या रंगांचा भरवसा नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचं, नाहीतर फिका त्रिकोण कायमचा गुलाबी. वाळल्यावर कडक इस्त्री करून दोन्हीकडची किनार कापून टाका. तिथली वीण घट्ट असते आणि ती पुढे कापड ओढते.

रंग दोनच. एक नक्की गडद, दुसरा नक्की फिका. शंका असेल तर दोन्ही शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर भिरभिरं दिसणारच नाही, मग साडी कितीही महागाची असो.

माप. तयार ब्लॉक ८ इंचांचा. त्यासाठी ५ इंचांचे दोन फिके आणि दोन गडद चौकोन कापा. उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापा, डोळ्यांना सरळ दिसतंय म्हणून नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं : माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड. ब्लाउजला आपण अर्धा इंच, पाऊण इंच, पुढे उसवायला लागेल म्हणून चांगली दीड इंचसुद्धा माया सोडतो. इथे माया पाव इंच, म्हणजे दोन सूत, आणि प्रत्येक शिवणीला तेवढीच. एका शिवणीत अर्धं सूत चुकलं तर दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत जातं. पांघरुणाच्या एका ओळीत अशा आठ शिवणी आल्या की अख्खा इंच गेला. मग ती ओळ शेजारच्या ओळीला जुळवताना चुण्या घालाव्या लागतात.

पाव इंचाचा फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा पाय) वेगळा मिळतो, पण तो नसला तरी अडत नाही. सुईखाली पट्टी ठेवा, हाताने चाक फिरवून सुई बरोबर पाव इंचाच्या रेघेवर टेकवा, आणि पट्टीच्या कडेला लागून मशीनच्या पत्र्यावर दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी चार-पाच थरांत चिकटवा. थर हवेत, म्हणजे कापडाला टेकायला कड मिळते. टाके इंचात दहा ते बारा.

शिवायचं कसं. एक फिका आणि एक गडद चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक. फिक्याच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलने तिरकी रेघ. रेघेवर शिवायचं नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिलाई मारायची आणि मग रेघेवरून कापायचं. दोन अर्धे-अर्धे चौकोन हातात येतात. तिरका कापलेला त्रिकोण उरेबात असतो, नुसता हातात धरला तरी ताणला जातो. इथे आधी शिलाई आणि मग कात्री असल्यामुळे उरेब कड मोकळी राहतच नाही.

दुसऱ्या जोडीचंही तसंच. चार चौकोन झाले.

इस्त्री : घडी न उघडता आधी शिलाईवर एकदा इस्त्री टेकवा. मग गडद बाजू वर ठेवून उघडा, म्हणजे माया आपोआप गडदाखाली जाते. इस्त्री उचलायची आणि टेकवायची, शर्टावर फिरवतो तशी फिरवायची नाही. फिरवलीत की चौकोनाचा पतंग होतो.

मग छाटणी. हे चौकोन साडेचारपेक्षा साधारण सूतभर मोठे येतात, ते बरोबर साडेचार इंचांचे करायचे. पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवून दोन कडा कापा, चौकोन फिरवा, उरलेल्या दोन कापा. पट्टी नसेल तर जुन्या एक्स-रेची फिल्म धुऊन तिचा साडेचार इंचांचा चौकोन कापा आणि त्यावर मार्करने कर्ण ओढा. काटकोन तपासायला कंपासपेटीतला गुण्या आहेच. छाटणीला कंटाळू नका. कापताना, शिवताना झालेली सगळी इकडतिकड इथे भरून निघते.

जोडणी. चारही चौकोन टेबलावर मांडून फोटो काढा, आणि मशीनपाशी जाताना तो फोटो समोर ठेवा. एक चौकोन उलटा फिरला तरी भिरभिरं मोडतं, आणि शिवताना ते कळत नाही.

आधी वरची जोडी, मग खालची. नीट बघितलंत तर दोन्ही जोड्या हुबेहूब सारख्या आहेत, खालची फक्त अर्धी फिरवलेली. म्हणून दोन्हींच्या मधल्या शिवणीची माया एकाच पद्धतीने इस्त्री करा (मी दोन्हीकडे गडद त्रिकोणाकडे वळवते). एक जोडी फिरवून समोर आणली की माया आपसूक उलट दिशांना जातात आणि शिवणी एकमेकींच्या खाचेत बसतात. बोटांच्या चिमटीत धरून किंचित सरकवून बघा, अडकल्यासारखं लागतं. तिथे टाचणी, मग शेवटची लांब शिवण.

ही शिवण मारताना मधे उलट बाजूला तिरक्या टाक्यांची फुली दिसेल. सुई त्या फुलीच्या बरोबर मधून जाऊ द्या. चुकायचंच असेल तर धागाभर कडेच्या बाजूला चुका. आत गेलात तर त्रिकोणांची टोकं खाल्ली जातात.

शेवटी मधली गाठ. आठ त्रिकोण एका जागी म्हटल्यावर तिथे टेंगूळ येणारच. उलट बाजूला, शेवटच्या लांब शिवणीच्या मायेत, मधल्या उभ्या शिवणीचे जे दोन-तीन टाके दिसतात ते दोन्ही बाजूंनी उसवा. फक्त मायेतले, शिवणीपलीकडचे नाहीत. आता लांब शिवणीची माया अर्धी वर आणि अर्धी खाली अशी वळते आणि मधे नखाएवढं एक छोटंसं भिरभिरं उघडतं. त्यावर इस्त्री दाबा.

ब्लॉक मोजा : साडेआठ इंच यायला हवा. शेजारचे ब्लॉक लागले की तो आठचा होतो.

---

मंजिरी_क

वाखूसा (वाचनखूण साठवली)! मधली गाठ उसवायची युक्ती माहीत नव्हती. मी आजवर तिथे इस्त्री आपटत होते.

एक शंका. काही ठिकाणी चौकोन ५ नाही, ४ पूर्णांक ७/८ कापायला सांगतात. बरोबर काय?

---

टाकेदार

मंजिरी, दोन्ही बरोबर. पाच इंचाला एक सूत कमी, म्हणजे ४ पूर्णांक ७/८, हे नेमकं माप. त्यात छाटणीला जागा नाही, सगळं पहिल्या फटक्यात अचूक यावं लागतं. नवशिक्यांनी ५ कापावं आणि छाटावं. कापड थोडं वाया जातं, जाऊ द्या.

---

सुतारपक्षी

शिवणातलं ओ की ठो कळत नाही, बायकोने धागा दाखवला म्हणून आलो. पण ते ७/८ कुठून आलं ते सांगतो, राहवत नाही.

काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना बाहेर सारखी माया सोडली, तर काटकोनाची बाजू मायेच्या (२ + √२) पटीने वाढते, म्हणजे ३.४१४ पट. माया पाव इंच, म्हणून वाढ ०.८५४ इंच. टेपवर त्याच्या जवळची खूण ७/८, म्हणजे ०.८७५. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणून तयार माप काहीही असो, ३ इंच की ६ इंच, त्यात ७/८ मिळवायचं. नुसत्या चौकोनाला अर्धाच इंच मिळवायचा, तिथे √२ येत नाही.

आमच्या धंद्यात सूत अजून चालतं. शिवणात बघून बरं वाटलं.

---

मंजिरी_क

@सुतारपक्षी, दहावीला हे कोणी असं शिकवलं असतं तर!

---

रंकाळा_कट्टा

धागा छान आहे, तरी एक बोलतो, दिवा घ्या (हलकेच घ्या). आमच्या घरात आजी वाकळ शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, वर मिळेल त्या रंगाचे तुकडे. ना पट्टी, ना टेप, ना गुण्या. पंचवीस-तीस वर्षं अंगावर टिकली. मग हे सूत-सूत मोजणं कशाला? अमेरिकन बायकांचं बघून आपलं सोडायचं काय?

---

टाकेदार

रंकाळा, सोडायचं कोण म्हणतंय? पण दोन्हींची बांधणीच वेगळी आहे. वाकळीत किंवा गोधडीत जुन्या कापडांचे थर आधी अंथरतात, तुकडे वरून ठेवतात, कडा आत दुमडतात आणि धावदोरा सगळ्या थरांतून घालतात. तुकडा वाकडा असला तर शेजारचा त्याच्यावर चढतो, खालचा थर सगळं धरून ठेवतो. तिथे पट्टीचं कामच नाही. नजर लागते, आणि ती तुमच्या आजींकडे होती.

इथे खाली काहीच नाही. तुकडा तुकड्यालाच शिवलेला, दोघांना धरणारी फक्त ती पाव इंच माया. म्हणून मोजायचं.

मला स्वतःला वाकळ जास्त आवडते, हे इथेच कबूल करून टाकते. पण ज्यांना टोकाला टोक भिडलेली चांदणी हवीये त्यांना "नजरेने करा" सांगून चालणार नाही.

---

हळियाळकर

गोधडीचा विषय निघालाच आहे तर : आमच्या उत्तर कन्नडात सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही अशीच थरांची. पण त्या कडेपासून सुरू करतात आणि फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ती नसली तर कवंदी उघडी, अपुरी मानतात. त्रिकोण तिथेही आहेत, मोजमाप नाही.

---

जर्सीकर

रंकाळा यांना थोडा पाठिंबा. सगळ्या अमेरिकन बायका मोजून शिवतात असंही नाही. अलाबामातल्या जीज बेंड गावातल्या कृष्णवर्णीय बायकांची पांघरुणं बघा. कामाचे जुने कपडे, डेनिम, वाकड्या पट्ट्या, आणि रचना अशी की बघत राहावं. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. तेव्हा नियम माहीत करून घ्या, मग हवे तर मोडा.

आता कामाचं. इथे परदेशात असणाऱ्यांसाठी : ५ इंचांच्या तयार चौकोनांचे गठ्ठे मिळतात, चार्म पॅक नावाने. हा ब्लॉक त्यातून थेट होतो, कापायचं कामच नाही. फक्त गठ्ठ्यातले गडद-फिके वेगळे करून घ्या, अर्धे मधलेच रंग असतात. चौकोनांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. माप दाताच्या टोकापासून की खाचेपासून ते आधी पट्टीने बघा.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा) घ्यायचा विचार असेल तर खालची चटई पण घ्यावी लागते, नाहीतर डायनिंग टेबलाची वाट लागते. आणि पातं प्रत्येक वेळी बंद करून ठेवा, पायावर पडलं की कळतं. हे यंत्र १९७९ मध्ये जपानच्या ओल्फाने काढलं. त्याआधी सगळ्या जणी कात्रीनेच कापत होत्या, त्यामुळे कात्री असेल तर काही अडत नाही.

---

नवशिकी

टाकेदारताई, काल रात्री बसून केला. भिरभिरं फिरतंय, मधलं टोकही बऱ्यापैकी जुळलं. पण ब्लॉक साडेआठ नाही, सव्वाआठ आलाय. चौकोन साडेचारचेच छाटले होते, दोनदा मोजले. कुठे गेलं पाव इंच?

---

टाकेदार

नवशिकी, चौकोन साडेचारचे नक्की असतील तर उत्तर सोपं आहे. साडेचार आणि साडेचार नऊ. मधे एकच शिवण, तिने दोन्ही बाजूंचा पाव-पाव इंच खाल्ला की साडेआठ. तुमचा सव्वाआठ आला, म्हणजे त्या एका शिवणीने पाऊण इंच खाल्ला. दोन्ही बाजूंना एकेक सूत जास्त. तुमची माया दोन सूत नाही, तीन सूत पडतेय.

चिकटपट्टी लावली होती की फुटाची कड धरून शिवलंत?

---

नवशिकी

फुटाची कड धरून. 🙈 मला वाटलं तीच पाव इंच असते.

---

टाकेदार

प्रत्येक मशीनची वेगळी असते. ब्लॉक उसवू नका, तसाच ठेवा, पिशवीला लावता येईल. पुढचा करण्याआधी एक चाचणी : दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकमेकींना जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली पाहिजे, एकूण रुंदी साडेतीन. मधली कमी भरली तर चिकटपट्टी सुईच्या जवळ सरकवा, जास्त भरली तर लांब.

आणि चिकटपट्टी तंतोतंत पाव इंचावर असूनही मधली पट्टी धागाभर कमीच भरते. शिवणीवर कापड दुमडतं त्या घडीत तेवढं जातं. म्हणून शिलाई पाव इंचापेक्षा एक धागा कमी मारायची.

---

अस्तर

माझी वेगळीच अडचण. सुरुवातीला कोपरा घातला की मशीन तो खालीच ओढते, गोळा होतो. झिगझॅगवाली नवी मशीन आहे. आईच्या काळ्या हातमशीनवर असं कधी झालं नाही.

---

सुईचं_नेढं

@अस्तर, आईची मशीन फक्त सरळ शिलाईची, तिच्या पत्र्याचं भोक बारीक. झिगझॅगच्या पत्र्याला लांबट भोक असतं, टोकदार कोपरा त्यात पडतो. उपाय : आधी एका चिंधीवर चार टाके घाला, धागा न तोडता तिच्या मागोमाग तुमचा तुकडा. शेवटी परत चिंधी. आमच्या दुकानात बाहीला पायपिन (कडेची गोट) करताना असंच करायचो.

काळी मशीन घरात असेल तर तीच वापरा. या कामाला तिच्याइतकी चांगली मशीन नाही.

शिंप्याकडच्या चिंध्या वापरणाऱ्यांना एक सांगायचंय. त्या फुकट मिळतात, पण त्यातले बरेच तुकडे गळ्याच्या, मुंढ्याच्या कापणीतून उरलेले, उरेबात असतात. दोन हातांत धरून ओढून बघा. रबरासारखा ताणला तर चौकोन तिरका कापावा लागेल, उभा धागा शोधून. खणाचे तुकडे सुंदर दिसतात, पण कडेने सुटतात, पाव इंच मायेत टिकत नाहीत. मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा आणि मगच कापा.

---

ओवी_सोलापूर

मशीनच नसेल तर?

---

टाकेदार

ओवी, मग उलट सोपं आहे, फक्त वेळ लागतो. पुठ्ठ्याचा त्रिकोण करा, काटकोनाच्या बाजू ४ इंच, माया न धरता. तो कापडाच्या उलट बाजूवर ठेवून पेन्सिलने आखा. ही रेघ शिवणीची. कापताना तिच्या बाहेर अंदाजे दोन सूत सोडा. इथे अंदाज चालतो, कारण तुम्ही कापडाच्या कडेवरून नाही, रेघेवरून शिवणार. त्रिकोणाची लांब बाजू उरेबात येते, तिला ओढू नका, टाचण्या जास्त लावा.

दोन त्रिकोण समोरासमोर, कोपऱ्यात टाचणी वरून घालून खालच्या कोपऱ्यातून बाहेर काढा. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बारीक धावदोरा, इंचात आठ-दहा टाके, सुरुवातीला आणि शेवटी उलट टाका. मायेत शिवायचं नाही. त्यामुळे माया मोकळी राहते, हवी तिकडे वळते, आणि मधली गाठ उसवायचीही गरज पडत नाही.

---

रंकाळा_कट्टा

हे वाकळीच्या जवळचं वाटलं. बायको म्हणते करून बघते. 🙂

---

अस्तर

चिंधीची युक्ती चालली, नेढं यांना धन्यवाद! आता भाचीच्या बाळासाठी दुपटं करायचंय, पाच बाय पाच ब्लॉक. कापड किती आणू?

---

टाकेदार

पंचवीस ब्लॉक म्हणजे ४० इंच बाय ४० इंच. गडद चौकोन ५०, फिके ५०. ४४ इंच पन्ह्यात एका पट्टीत आठ चौकोन बसतात, म्हणजे सात पट्ट्या, ३५ इंच, एक मीटरच्या आत. दोन्ही रंगांचं एकेक मीटर.

---

सुईचं_नेढं

ताई, धुऊन आटलं आणि दुकानदाराने वाकडं फाडलं की मीटर पुरत नाही. शिवाय सगळीकडे ४४चा पन्हा मिळत नाही. ३६चा असेल तर पट्टीत सातच चौकोन, आठ पट्ट्या, ४० इंच, मीटरच्या वर जातं. सव्वा मीटर सांगा.

---

टाकेदार

बरोबर. अस्तर, सव्वा-सव्वा मीटर आणा. आणि बाळासाठी आहे तर लाल घेऊच नका, किंवा घेतलंत तर आधी पांढऱ्या फडक्यासोबत रात्रभर भिजवून बघा.